दोष कामगारांचा नव्हता

अमेरिकन गाड्या जपानी गाड्यांपेक्षा लवकर बिघडत, हे १९७० आणि १९८० च्या दशकांपुरते मला मान्य आहे. परंतु त्याचे कारण अमेरिकन कामगारांचा कामचुकारपणा होते, हे काही जण मांडतात ते मत अन्यायाचे वाटते. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा मोटारींचा कारखाना जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा तो गैरहजेरी आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम होता. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा या जपानी कंपनीच्या भागीदारीत ‘नमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, आणि बहुतांश कामगार व त्यांची संघटना जुनीच असूनही तेथून थोड्याच काळात जपानमधील कारखान्यांच्या तोडीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. बदलली होती ती कामाची पद्धत: दोष दिसताच कोणत्याही कामगाराला दोरी ओढून मदत बोलावता येई आणि गरज पडल्यास जुळणीचे काम थांबवता येई; पूर्वी मात्र काहीही झाले तरी काम थांबवायचे नाही, असाच दंडक होता.

पुढे याच कारखान्यात टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सच्या नाममुद्रेची जिओ प्रिझम या जवळजवळ सारख्याच गाड्या तयार होत असत, तरीही जुन्या गाड्यांच्या बाजारात कोरोलालाच अधिक किंमत मिळे; म्हणजे गाडी तीच असली तरी अमेरिकन नावावरचा अविश्वास कायम होता.