वाऱ्याचा डोळा

इंग्रजी शब्दांच्या मूळ अर्थांबद्दल बोलताना 'नाइस'चा मूळ अर्थ 'अडाणी' होता असं सांगतात, ते अगदी बरोबर. लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे न जाणणारा, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'सिली' नेमका उलट्या वाटेने गेला: आधी धन्य, सुखी, मग भोळा, बिचारा आणि शेवटी मूर्ख. 'सॅलरी' म्हणजे मुळात रोमन सैनिकांचा मिठाचा पगार, ही गोष्ट मात्र जपून घ्या. तिच्या मूळ लॅटिन शब्दाचं, 'सालारियम'चं, मिठाशी नातं आहे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळायचं याला पुरावा नाही.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'विंडो'. जुन्या नॉर्स भाषेत 'विंडाउगा': 'विंड' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! काच नसलेलं, भिंतीतलं उघडं भोक डोळ्यांसमोर आणा, मग नाव किती चपखल आहे ते कळतं. आपल्या 'वातायना'त तोच वारा आहे आणि 'गवाक्षा'त तोच डोळा, फक्त गायीचा.

हा शब्द 13व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुळला. त्याआधी खिडकीला 'एगथिरल' म्हणत, म्हणजे डोळ्यासारखं भोक. तो शब्द गेला, पण त्यातलं भोक, 'थिरल', आजही 'नॉस्ट्रिल'च्या शेपटीत जिवंत आहे. नाकपुडी म्हणजे नाकाचं भोक, इतकं सरळ.