पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं की रद्द करणं?

नवीजॉइनर: ऑफिसात मेल आलाय, 'द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे'. मला वाटलं पुढे ढकलली पण शेजारची म्हणते रद्दच झाली. वर काल मॅनेजर डबा उघडून म्हणाले 'द स्मेल पुट मी ऑफ', आता इथे काय ढकललं? नीट सांगा ना कोणीतरी, कॉलवर फार अडतं.

कोल्हापूरकर: पुढेच ढकललीय, म्हणून तर टिल मंडे आहे. रद्द असती तर कॉल्ड ऑफ लिहिलं असतं. आणि पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं, 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', म्हणजे आज जाऊ उद्या जाऊ अशी चालढकल. तिथे 'टू गो' चालत नाही, ही चूक खूप जण करतात.

मीनलताई: डब्याचा अर्थ वेगळा गं, वास आला आणि खाण्यावरची वासनाच उडाली. माणसाबद्दलही म्हणतात, 'हिज टोन पुट मी ऑफ', त्याच्या बोलण्याने मन उडालं. ऑफ-पुटिंग हे विशेषण यातलंच. आणि 'मी' कुठे आलाय बघ, सर्वनाम कायम मध्ये, पुट इट ऑफ बरोबर, पुट ऑफ इट चूक. नाम असेल तर मध्ये किंवा नंतर, दोन्ही चालतं.

कोल्हापूरकर: ब्रिटिश क्लायंट असेल तर अजून एक, 'डोन्ट पुट मी ऑफ' म्हणजे माझं लक्ष विचलित करू नकोस.

नवीजॉइनर: खूप थँक्स दोघांना! भूतकाळात पुटेड होतं का?

मीनलताई: नाही, पुटच राहतं.