रावेरच्या केळीबागा आणि विद्यापीठाचं संशोधन

'विद्यापीठांचं हवामानबदलावरचं संशोधन प्रबंधातच राहतं, बांधावर येत नाही' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळीबागेच्या कडेनं थंड-गरम वारा अडवायला लावलेली जी शेवरी (उंच, सरळ वाढणारं झुडूप) आणि गजराज गवत दिसतं, ती कृषी विद्यापीठाचीच शिफारस. केळीची वाढ साधारण 12 अंशाखाली थांबते आणि 40 च्या वर पानं करपायला लागतात. आमच्याकडे एकाच वर्षात दोन्ही टोकं येतात. माझ्या मामांनी लागवडीच्या वेळीच पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीच्या दोन ओळी टाकल्या. मे महिन्यातल्या वाऱ्यात शेजारच्या उघड्या बागेतली पानं चिंधड्या झाली, काही झाडं घडासकट आडवी पडली. मामांच्या कडेच्या चार-पाच ओळी मात्र उभ्या होत्या. हे मी स्वतः पाहिलंय.

कमी पडतं ते मोजमाप. पीकविम्याला तापमान धरतात महसूल मंडळातल्या (म्हणजे अनेक गावांच्या गटातल्या) हवामान केंद्राचं, आणि सातपुड्याच्या पायथ्याची बाग नि तापीकाठची बाग यांतली पहाटेची थंडी एकसारखी नसते. आपल्या जळगावला 1990 पासून विद्यापीठ आहे, गावोगावची मुलं तिथं शिकतात. त्यांनी आपापल्या बागेत, शेवरीच्या आत आणि बाहेर, तापमापक लावून दोन हिवाळे नि दोन उन्हाळे नोंदी ठेवल्या तर विमा कंपनीपुढे ठेवायला आकडे मिळतील. मामांची बाग यासाठी द्यायला आम्ही तयार आहोत.