२६ नोव्हेंबरचा कार्यक्रम: कोणाकोणाची नावं घ्यायची?

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

दरवर्षीप्रमाणे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी दुपारी २६/११ च्या हुतात्म्यांना आदरांजली वाहायची आहे. रूपरेषा नेहमीचीच: दीपप्रज्वलन, दोन मिनिटं स्तब्धता, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर पंधरा मिनिटांचं सादरीकरण, मग देशभक्तिपर गीतं आणि चहापान. यंदा शेवटच्या स्लाइडवर कसाबला जिवंत पकडणारे हवालदार तुकाराम ओंबळे यांचा फोटो घ्यायचं समितीत ठरलं आहे. सूचना असतील तर बुधवारपर्यंत कळवा.

आपला,
सचिव

---

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: २६ नोव्हेंबरचा कार्यक्रम

सचिवदादा, नमस्कार.

गेली सहा वर्षं मी या कार्यक्रमाला येते, मागच्या रांगेत बसते आणि घरी जाते. या वेळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आधी हुद्द्याचं सांगते. तुकाराम ओंबळे हवालदार नव्हते, ते सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक होते. पोलीस लाईनीत त्याला सहाय्यक फौजदार म्हणतात. बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. शिपाई, नाईक (हा हुद्दा तेव्हा होता), हवालदार आणि मग सहाय्यक फौजदार, या एकेका पायरीसाठी घरातली माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची. माझे बाबा मुंबई पोलिसांत हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या खांद्यावर तो एक स्टार आला नाही, आणि आईला त्याची हळहळ अजून आहे. म्हणून ओंबळे साहेबांचा हुद्दा तरी आपण नीट लिहू या.

दुसरं म्हणजे, ते शेवटच्या स्लाइडवर कसे? सातारा जिल्ह्यातलं, जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. लष्करातून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते मुंबई पोलिसांत आले. त्या रात्री डॉ. दा. भ. मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लावली होती. पळवलेली स्कोडा तिथे आली, अडथळे बघून वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. गाडीतला एक अतिरेकी पोलिसांच्या गोळ्यांनी जखमी होऊन पडला. दुसऱ्याच्या हातात एके-४७ होती आणि ओंबळे साहेबांच्या हातात लाठी. त्यांनी पुढे होऊन रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या, पण नळी सुटली नाही. त्यांनी ती धरून ठेवली, आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी आडवा केला.

पोलिसाची लाठी तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेतली आहे, ठाऊक नाही. बाबांची लाठी आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत दाराच्या मागे उभी असायची. बांबूची. मुठीच्या जागी घामाने काळी पडून गुळगुळीत झालेली. दिवाळीच्या साफसफाईत बाबा तिला स्वतः तेल लावायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. मोर्चा पांगवायला, गर्दी मागे सारायला ती पुरते. ती हातात घेऊन एके-४७ समोर जाणं म्हणजे काय, हे मला त्या काळ्या मुठीवरून कळतं.

त्या दिवशी इथे बुधवार होता, दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. मुंबईत मध्यरात्र उलटली होती आणि पूर्व किनाऱ्यावर आपली दुपार चालू होती. मी ऑफिसमधून चाळीतल्या फोनवर सारखा नंबर फिरवत होते. बाबा बंदोबस्तावर होते. लागला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्यांचा बक्कल नंबर अजून टीव्हीवर सांगितलेला नाही." टीव्हीवर बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाच्या बिल्ल्यावरचा क्रमांक, सांगत नसतात हे तिलाही माहीत होतं. पण ती नंबराचीच वाट बघत होती, कारण लाईनीत नाव नंतर येतं, नंबर आधी.

आता मूळ मुद्दा. कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवनच्या गल्लीत त्या क्वालिसमध्ये सात जण होते. करकरे, कामटे, साळसकर ही तीन नावं आपण दरवर्षी घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटीलही त्याच गाडीत गेले. सातवे अरुण जाधव जखमी होऊन मृत सहकाऱ्यांच्या मध्ये निपचित पडून राहिले, आणि नंतर वायरलेसवर त्यांनीच काय घडलं ते कळवलं. एकाच गाडीत सहा जण गेले, आणि आपल्या स्लाइडवर तीन आहेत.

माझी विनंती आहे की या वर्षी गाणी थोडी कमी करा आणि त्या रात्री गेलेल्या सगळ्या पोलिसांची नावं, हुद्द्यासकट, मोठ्याने वाचा.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: उत्तर: २६ नोव्हेंबरचा कार्यक्रम

बेटा, तुझं पत्र दोनदा वाचलं. सौ.नेही वाचलं. सगळी नावं वाचायला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

एका गोष्टीचा मात्र विचार व्हावा. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलं. अशा प्रसंगी नावं हुद्द्याप्रमाणे वाचायची रीत आहे आणि त्यात कोणाचा अपमान नसतो. शिवाय वरचे अधिकारी म्हणून करकरे, कामटे, साळसकर यांची नावं पुसट होता कामा नयेत. दहशतवादविरोधी पथकाचा प्रमुख स्वतः सीएसटीवर उतरून हेल्मेट चढवतो, हे आपण टीव्हीवर पाहिलं. अतिरिक्त आयुक्त दर्जाचा माणूस गल्लीत शिरतो. त्या दर्जाच्या माणसांनी केबिनमधून हुकूम सोडले असते तरी कोणी बोट दाखवलं नसतं. हेही मुलांना सांगायला हवं.

आणि ओंबळ्यांच्या बाबतीत सरकारने हुद्दा पाहिला नव्हता, हे आवर्जून सांगा. २६ जानेवारी २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी अशोकचक्र दिलं. करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंह यांच्याच पंक्तीत ओंबळेही होते. शांतताकाळातला याहून मोठा शौर्य पुरस्कार आपल्याकडे नाही.

जाता जाता: त्या कुटुंबांसाठी मंडळाने वर्गणी काढावी असं कोणी सुचवेल. घाईघाईत काढू नये असं माझं मत. आधी नीट चौकशी करावी, मग बघू.

---

प्रेषक: युवा विभाग
विषय: नावं वाचायची पद्धत

काका, ताई, नमस्कार.

मी इथे काउंटीच्या आपत्कालीन कॉल सेंटरमध्ये काम करतो, म्हणून थोडी भर घालतो.

इथे ड्यूटीवर पोलीस गेला की अंत्यविधीच्या शेवटी डिस्पॅचर रेडिओवर त्याचा नंबर पुकारतो. उत्तर येत नाही. पुन्हा पुकारतो. मग त्याची सेवा संपल्याचं जाहीर करतो, आणि ती वेळ नोंदली जाते. मी एकदा त्या खोलीत होतो. हेडसेट लावलेली वीस माणसं श्वास रोखून बसली होती. ताईंच्या आईंनी बक्कल नंबराची वाट पाहिली हे वाचून मला तीच खोली आठवली.

वॉशिंग्टनला पोलिसांचं राष्ट्रीय स्मारक आहे, १९९१ मध्ये झालं. तिथल्या संगमरवरी भिंतींवर वीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, आणि ती ना हुद्द्याने लावली आहेत ना आडनावाने. शेरीफ आणि नवा भरती झालेला पोलीस शेजारी असू शकतात. दर मे महिन्यात तिथे मेणबत्त्या लावून त्या यादीतली नवी नावं वाचतात. काकांचा हुद्द्याचा मुद्दा मला पटतो, पण ही पद्धतही विचारात घ्यावी.

आणि एक, लहान मुलांसाठी. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ओंबळ्यांचं नाव दिलं: आयसियस तुकारामी. आमच्या सात वर्षांच्या भाचीला अशोकचक्र समजलं नाही, पण कोळी समजला. तिने विचारलं, "तो कोळी पण शूर असतो का?" तिथून पुढे तिला सगळी गोष्ट सांगता आली.

---

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: नावं वाचायची पद्धत

काका, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मोठ्या अधिकाऱ्यांनी स्वतः गल्लीत शिरणं ही साधी गोष्ट नाही, आणि माझ्या पत्रात ते यायला हवं होतं. बाबांच्या तोंडून कामटे साहेबांचं नाव निघालं की आवाज बदलतो, हे मी पाहिलं आहे.

एक सुचवू का? हुद्दा आणि आडनाव दोन्ही बाजूला ठेवून ती रात्र जशी पुढे सरकली तशी नावं वाचू या. आधी सीएसटी: शशांक शिंदे, अंबादास पवार. मग कामा हॉस्पिटल: प्रकाश मोरे, विजय खांडेकर. मग रंगभवनच्या गल्लीतले सहाही, एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता. मग चौपाटीवर ओंबळे. मग ताजमध्ये गेलेला राज्य राखीव पोलीस दलाचा राहुल शिंदे. बापूसाहेब दुरगुडे, अरुण चित्ते आणि बाकीचेही आहेत, पूर्ण यादी सोबत जोडली आहे. अशा क्रमाने वाचलं तर करकरे साहेब आपोआप आपल्या माणसांच्या मध्ये येतात. ते त्या रात्री तिथेच होते.

वाचायच्या पद्धतीबद्दल एक आठवण. दर २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस गेले, तेव्हापासूनची ही प्रथा. त्या परेडमध्ये वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या सगळ्या पोलिसांची नावं वाचतात, हवालदार असो की अधीक्षक. मी लहान असताना बाबा मला नायगावच्या मैदानावर घेऊन गेले होते. आसामची नावं, बिहारची नावं, काश्मीरची नावं. मला काही कळत नव्हतं, पाय दुखत होते. शेजारी बाबांचे ओठ हलत होते. ते प्रत्येक नाव मनातल्या मनात परत म्हणत होते. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "आपण नाही म्हटलं तर इथे त्यांना ओळखणारं कोण आहे?"

२०१८ मध्ये दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं. भिंतीवर ३४ हजारांहून जास्त नावं आहेत. बाबांना तिथे घेऊन जायचं राहिलं आहे.

---

प्रेषक: सचिव
विषय: कार्यक्रमात बदल

मंडळी,

समितीची काल फोनवर बैठक झाली. ताईंनी सुचवल्याप्रमाणे, रात्रीच्या क्रमाने, सगळी नावं वाचायची ठरलं. काकांनी संमती दिली आहे, आणि रंगभवनच्या गल्लीतली सहा नावं ते स्वतः वाचणार आहेत. गाणी सहाऐवजी दोन. सादरीकरणात ओंबळे साहेबांना शेवटच्या स्लाइडवर ठेवण्याची आणि त्यांचा हुद्दा चुकवण्याची चूक माझी होती. दोन्ही दुरुस्त केली आहेत.

बाकीची नावं मराठी शाळेची मुलं वाचतील. गुरुवारी संध्याकाळी सराव.

---

प्रेषक: मराठी शाळा
विषय: सरावाबद्दल

पालकांसाठी एक निरोप. मुलांचा 'च' आणि 'ज' अडतो आहे. 'चौपाटी'तला च 'चमच्या'तला, 'चित्ते'मधला च 'चिमणी'तला. 'जाधव'मधला ज 'जाळ्या'तला, 'जयवंत'मधला ज 'जीभे'तला. घरी रोज दोनदा म्हणवून घ्या. इथे जन्मलेली मुलं आहेत, चुकली तर रागावू नका. पण त्या दिवशी नाव चुकायला नको, हे त्यांना समजावून सांगा. माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत 'दुरगुडे, दुरगुडे' घोकत होता.

---

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: सरावाबद्दल

बाई, तुमचा निरोप वाचून काल बाबांना फोन केला. मुलांना ऐकून सराव करता यावा म्हणून सगळी नावं त्यांच्याकडून म्हणवून घेतली आणि ध्वनिमुद्रण सोबत पाठवलं आहे. प्रत्येक नावाआधी त्यांनी हुद्दा म्हटला आहे, परेडमध्ये म्हणतात तसा. मध्ये दोनदा ते बराच वेळ थांबले आहेत. ते मी कापलेलं नाही.