गुहागरचे शिंपले नागपुरात वास मारून राहिले, काय करू?

दिवाळीत गुहागरला गेलो होतो, किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले काचेचे तुकडे अन् एक वाहून आलेलं लाकूड उचलून आणलं. विंडचाइम करायचंय, पण सगळ्या बाल्कनीत वास येऊन राहिला बे, अन् फेविकॉलनं लाकडाला लावलेले शिंपले दोन दिवसांत टपकले.

उत्तर: भाऊ, फेविकॉल शिंपल्याच्या चिकन्या अंगाला धरत नाही. जागा सँडपेपरनं घासून अराल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचा पक्का गोंद) लावा. पण लटकवायचेच आहेत तर चिकटवता कशाला, शिंपला ओला ठेवून हातानं फिरवायच्या ड्रिलनं भोक पाडा, मास्क लावून हां, ती भुकटी छातीत जाते.

उत्तर: वास आत वाळलेल्या जीवाचा आहे. आठवडाभर साध्या पाण्यात बुडवा, रोज पाणी बदला. लाकूडपण, नाहीतर मीठ राहते अन् पावसाळ्यात ओल धरते. व्हिनेगर नको! शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट व्हिनेगरात विरघळते, माझ्या पोरीनं रात्रभर ठेवले, सकाळी पापडासारखे पातळ. लाकूड सावलीत वाळवा, आपल्या उन्हात तडकते.

मी: एका शंखातून खेकड्याचा पाय निघाला ताई 😅 बायकोनं पिशवी गच्चीवर नेऊन ठेवली.