कॉलेजच्या तासांसाठी टिकाऊ स्पायरल वही कशी निवडावी?

प्रश्न (बीएस्सी प्रथम वर्ष, कोथरूड)

नमस्कार. माझे बीएस्सीचे पहिले वर्ष लवकरच सुरू होत आहे आणि तासांना टिपणे घेण्यासाठी स्पायरल वह्या घ्याव्यात, असा विचार आहे. वर्गातल्या खुर्चीला जोडलेली लिहिण्याची फळी इतकी अरुंद असते की शिवलेली फुलस्केप वही तिच्यावर उघडी राहत नाही. स्पायरल वही मात्र मागे पूर्ण दुमडता येते. अडचण आहे ती टिकण्याची. बारावीत वापरलेल्या वह्यांची तार सॅकमध्ये दबून चपटी झाली, मग पाने उलटताना अडकू लागली आणि वर्ष संपण्याआधीच सुरुवातीची पाने भोकांपाशी फाटून सुटी झाली. पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बसच्या) गर्दीतून रोजचा प्रवास असल्याने सॅक दाबली जाणे काही टळणार नाही. तार, कागद आणि कव्हर यांपैकी आधी कशाकडे पाहावे, सगळ्या विषयांना मिळून एक जाड वही घ्यावी की विषयवार वेगळ्या घ्याव्यात, आणि पुण्यात वह्या हाताळून कुठे पाहता येतील, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (बाइंडिंगचा व्यवसाय, सदाशिव पेठ)

आधी तार पाहा, कारण वही बहुतेक वेळा तिथूनच खराब होते. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार म्हणजे धातूची एकेरी तार, दुसरा दुहेरी कड्यांची तार, जिला आमच्या धंद्यात वायरो म्हणतात, आणि तिसरा प्लॅस्टिकची स्प्रिंग. वायरो दिसायला सर्वांत नेटकी असते आणि तिच्यात समोरासमोरची पाने एका रेषेत राहतात. पण तिच्या प्रत्येक कडीला एक फट असते आणि दाब येऊन ती फट उघडली की पाने तिथून निसटू लागतात. धातूची एकेरी तार एकदा चपटी झाली की पुन्हा गोल होत नाही. तुमच्या वह्यांचे नेमके हेच झाले असावे. प्लॅस्टिकची स्प्रिंग दाबली तर दबते आणि दाब निघाला की बऱ्याच अंशी मूळ आकारात येते. ती गंजतही नाही, त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात पानांच्या कडेला तांबूस डाग पडत नाहीत. बसचा प्रवास असेल तर मी निःसंकोचपणे प्लॅस्टिकची स्प्रिंग सुचवेन.

विकत घेण्यापूर्वी वही शेवटच्या पानापर्यंत उघडा आणि स्प्रिंगची दोन्ही टोके पाहा. ती आत वळवून दुमडलेली असावीत. नुसतीच कापलेली असतील तर स्प्रिंग हळूहळू फिरत बाहेर येते आणि सॅकच्या अस्तरात अडकते. त्यानंतर एक पान कडेला धरून हलकेच ओढा. भोक आणि पानाची कड यांच्यामधली कागदाची पट्टी अगदी बारीक असेल, तर कागद कितीही चांगला असला तरी पान तिथेच फाटणार. वहीच्या जाडीपेक्षा स्प्रिंगचा व्यास तीनेक मिलिमीटर मोठा हवा, म्हणजे पाने मोकळी फिरतात आणि भोकांवर ताण येत नाही. सहज फाडता यावे म्हणून टोचण्याची रेघ दिलेली पानेही असतात. सबमिशनसाठी ती सोयीची पडतात. वर्षभर जपायच्या टिपणांसाठी मात्र ती टाळावीत, कारण वही दुमडून दुमडून ती रेघ आपोआप उसवते.

आणखी एक फायदा सांगतो, जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. प्लॅस्टिकची स्प्रिंग तुटली तर टोकाचा दुमडा सरळ करून ती हाताने फिरवत काढता येते आणि कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नवी घालून मिळते. फक्त भोकांमधले अंतर नव्या स्प्रिंगशी जुळायला हवे, म्हणून वही सोबत घेऊन जावे.

उत्तर २ (एमएस्सी द्वितीय वर्ष, शिवाजीनगर)

तारेबद्दल वर सांगितलेले मला पटते. कागदाबद्दल थोडे लिहिते. साध्या वह्यांचा कागद साधारण ५४ ते ६० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) असतो आणि त्यावर जेल पेनने लिहिले की मागच्या बाजूला अक्षरे उमटलेली दिसतात. ७० जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी लिहायला पुरेसा आहे. शाईचे पेन वापरत नसाल तर ८० जीएसएमचा आग्रह धरू नये, कारण वजन खांद्यावर येते. हिशेबच करायचा तर ७० जीएसएमच्या ए-फोर आकाराच्या ३०० पृष्ठांच्या, म्हणजे १५० पानांच्या, वहीत नुसता कागदच साधारण ६५५ ग्रॅम भरतो. ए-फोरपेक्षा लहान अशा बी-फाइव्ह आकाराच्या २०० पृष्ठांच्या वहीत तो ३१० ग्रॅमच्या आत राहतो. म्हणून सगळ्या विषयांची एकच जाड वही मला योग्य वाटत नाही. शिवाय ती हरवली किंवा भिजली तर सगळे सत्र एकदम जाते. आपल्याकडे परीक्षा सत्रानुसार होतात, तेव्हा एका विषयाला एका सत्रासाठी २०० पृष्ठांची वेगळी वही ठेवावी आणि त्या दिवशीच्या विषयांच्याच वह्या न्याव्यात.

कव्हर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असेल तर उत्तम. लॅमिनेशन केलेला पुठ्ठा वरून पाणी अडवतो, पण त्याच्या कापलेल्या कडा ओल शोषतात आणि जुलैपर्यंत फुगून कोपरे पदर सुटल्यासारखे उलगडू लागतात. मागचा पुठ्ठा मात्र ताठ हवा, नाहीतर मांडीवर वही ठेवून लिहिणे कठीण होते.

वह्या पाहण्यासाठी अप्पा बळवंत चौकात जावे. तिथे एकाच फेरीत अनेक प्रकार हाताळता येतात आणि एकदम जास्त घेतल्यास दरही कमी होतो. शाळा उघडण्याच्या आठवड्यात गर्दी फार असते, तेवढे टाळावे. वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून शून्यावर आला आहे, त्यामुळे आधीचा दर छापलेला माल दाखवला तर किंमत कमी करण्याबद्दल अवश्य विचारावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्लॅस्टिकची स्प्रिंग, ७० जीएसएम आणि विषयवार वह्या हे नक्की केले आहे. एक गोष्ट आधी लिहायची राहिली: मी डावखुरी आहे आणि ओळ सुरू करताना मनगट नेमके स्प्रिंगवर येते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर ३ (प्राध्यापिका, विज्ञान शाखा)

उपाय आहे आणि त्यासाठी वेगळी वही लागत नाही. वही उलटी करून मागचे कव्हर वर घ्यावे, म्हणजे स्प्रिंग उजव्या हाताला जाते, आणि शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूपासून लिहायला सुरुवात करावी. वही भरेपर्यंत अशा एकाच बाजूला लिहावे आणि उरलेल्या बाजूंवर आकृत्या किंवा सोडवलेली उदाहरणे घ्यावीत. घेताना फक्त समासाची रेघ पाहावी. ती स्प्रिंगच्या बाजूला छापलेली असेल तर उलट्या वहीत समास उजवीकडे येतो, म्हणून समास नसलेली आखीव वही तुम्हाला बरी पडेल. वरच्या बाजूला स्प्रिंग असलेली पॅडेही मिळतात. त्यांत मनगटाला काहीच अडथळा येत नाही, पण २०० पृष्ठांची पॅडे सहज मिळत नाहीत.

प्रात्यक्षिकांसाठी मात्र आत्ताच स्पायरल वही घेऊ नये. जर्नल कोणत्या स्वरूपाचे हवे हे प्रत्येक विभाग पहिल्या एक-दोन तासांत सांगतो, आणि तपासणीसाठी बहुधा बांधीव जर्नल किंवा फाइलच मागितली जाते.