शिकण्याची वाट बंद होत नाही

‘स्किझोफ्रेनिया झाला की मेंदू नवीन काही शिकत नाही’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. शिकणं अवघड होतं, हे खरं. शिकताना मेंदूच्या पेशींमधले जोड पक्के व्हायला लागणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचं (पेशीवरच्या, संदेश घेणाऱ्या एका प्रथिनाचं) काम या आजारात मंदावत असावं, असं मानायला बरेच पुरावे आहेत. पण मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे!

हा आजार असलेल्या माझ्या भावाला मी वॉशिंग मशीन लावायला शिकवत होते. आधी मी ‘आठवून बघ’ म्हणायचे. तो चुकीचं बटण दाबायचा आणि नेमकं तेच डोक्यात बसायचं. मग पद्धत बदलली. अंदाज करूच द्यायचा नाही, प्रत्येक पायरी आधी दाखवायची, बटणांवर रंगीत टिकल्या, आणि मदत हळूहळू कमी. आता तो एकटा कपडे लावतो. चुका होऊ न देता शिकवण्याची ही पद्धत पुनर्वसनात मुद्दाम वापरतात. स्मृती-लक्ष यांच्या सरावाचाही (कॉग्निटिव्ह रेमेडिएशन) उपयोग होतो, पण रोजच्या जगण्यात तो उतरतो तो सोबत खरं काम असलं तर. नुसते संगणकावरचे खेळ पुरत नाहीत.

आणखी एक, याबद्दल फार कमी बोललं जातं: या आजाराच्या औषधांमुळे होणारी थरथर, ताठरपणा यांसाठी दिलेल्या ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळ्यांनी स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. स्वतःहून बंद करू नका, पण ‘ही अजून लागते का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा.